ईसीएचएस कार्ड आणि अडकलेली बिलं: अर्ज नेमका कुठे फसतो

माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस ही आरोग्य योजना 1 एप्रिल 2003 पासून सुरू आहे. काही अपवाद सोडले तर पहिली अट पेन्शनची: सेवा, अपंगत्व किंवा कुटुंब निवृत्तिवेतन. शिपाई ते हवालदार 30 हजार, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर 67 हजार, अधिकारी 1 लाख 20 हजार, असं वर्गणीचं एकरकमी गणित आहे. 1 जानेवारी 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना वर्गणी माफ आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा. सोबत पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक (फौजेतून निवृत्त होताना मिळणारं सेवापुस्तक), आधार, पॅन, फोटो. इथवर कुणाचं अडत नाही.

अडतं ते नावावर. गेल्या पावसाळ्यात एक आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत नवऱ्याचं डिस्चार्ज बुक घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण अक्षर शाबूत. त्यात बायकोचं नाव 'शांता', आधारवर 'शांताबाई', जन्मतारखेत चार वर्षांचा फरक. अर्ज दोनदा परत आला होता आणि दोन्ही वेळा कारण एकाच ओळीचं. काय दुरुस्त करायचं, कुठे करायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पंचाहत्तरीच्या बाईला खिडकीवरून नुसतं 'मिसमॅच आहे' म्हणून परत पाठवणं मला पटत नाही.

अशा वेळी आधी पीपीओ पाहा. चूक तिथे असेल तर ती रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमध्येच सुधारते. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांसाठी ते बेळगावला. प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज पाठवा आणि पोच घ्याच. याला महिने लागतात, म्हणून आजारपण येण्याआधी करा. आई-वडिलांना किंवा मुलांना अवलंबित दाखवलं असेल, तर त्यांची पडताळणी दरवर्षी करावी लागते. ती राहिली की कार्ड बंद पडतं, आणि हे कळतं ते थेट दवाखान्याच्या काउंटरवर.

कार्ड हातात आलं तरी कॅशलेस उपचार मिळेलच असं नाही, कारण योजनेत पैसाच कमी पडतो. 2023-24 साली वर्षाच्या मध्यावर तरतूद वाढवून 9,221 कोटींवर न्यावी लागली. मूळ आकड्यापेक्षा जवळपास 70 टक्के जास्त. एवढं लागतं हे दिसल्यावरही पुढच्या वर्षी सुरुवात 6,968 कोटींनी झाली, 2025-26 मध्ये 8,317 कोटींनी. बिलं थकली की दवाखाने हात आखडतात. कुणी 'बेड नाही' म्हणतं, कुणी आधी डिपॉझिट मागतं. योजनेच्या यादीतल्या दवाखान्याला डिपॉझिट मागता येत नाही. मागितलं तर ते लेखी द्यायला सांगा आणि पॉलिक्लिनिकच्या (योजनेच्या स्वतःच्या दवाखान्याच्या) ऑफिसर-इन-चार्जकडे त्याच दिवशी तक्रार करा. नाइलाजाने भरलंच तर पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

औषधांचंही तसंच. पॉलिक्लिनिकमध्ये गोळी नसली की लोक सरळ दुकानातून घेतात आणि मग बिल नामंजूर होतं. आधी चिठ्ठीवर 'उपलब्ध नाही' असं लिहून शिक्का घ्या. रांगेत अर्धा तास जाईल, जाऊ द्या.

सगळ्यात जास्त दावे बुडतात ते तातडीच्या भरतीचे. एरवी बहुतेकदा पॉलिक्लिनिकचं रेफरल, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी, लागतं. जिवावर बेतलं तर जवळच्या कुठल्याही दवाखान्यात नेता येतं, पण तो यादीत नसेल तर 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं काम तुमचं. हे 48 तास भरती झाल्यापासून मोजतात. 'घरी आल्यावर कळवू' म्हणणारी कितीतरी कुटुंबं मी पाहिली आहेत. बाप वाचला, पण कर्ज डोक्यावर बसलं. शनिवारी भरती झाली तरी सोमवारची वाट पाहू नका. ई-मेल करा, कार्ड क्रमांक, दवाखान्याचं नाव आणि भरतीची वेळ लिहा, आणि पाठवलेल्या मेलचा फोटो जपून ठेवा. डिस्चार्जच्या दिवशीच डॉक्टरांकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट मागा. नंतर ते डॉक्टर भेटत नाहीत, भेटले तरी मागची तारीख घालायला तयार होत नाहीत. त्यासोबत मूळ बिलं आणि डिस्चार्ज समरी.

परतावा सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, दरानेच मिळतो. दीड लाख भरले म्हणून दीड लाख येतील असं धरून सोसायटीचं कर्ज काढू नका. फाइल देताना प्रत्येक पानाची झेरॉक्स घरी ठेवा. मूळ फाइल सापडत नाही असं उत्तर मिळालं, तर तीच प्रत घेऊन पुन्हा जाता येतं.