गार, हीव आणि दहिवर: महाराष्ट्राच्या थंडीचे शब्द

महाराष्ट्रात आभाळातून बर्फ पडतो तो बहुतेक वेळा हिवाळा सरताना, फेब्रुवारी ते एप्रिल या काळात. समुद्रावरून आलेली दमट हवा तापलेल्या जमिनीवरून वर उसळते, वरच्या थरात पश्चिमेकडून आलेली थंड हवा तिला गाठते आणि गारा बनतात. खाली शेतात तेव्हा गहू-हरभरा काढणीला आलेला असतो. त्यामुळे गोठलेल्या पाण्यासाठी मराठीचा अगदी घरचा शब्द 'गार' हा पहिल्यापासून नुकसानीचा शब्द आहे. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ चकमकीचा दगड, म्हणजे गारगोटी. उभ्या पिकाला दोन्ही सारखेच लागतात.

या शब्दावरून एका समाजाचेच नाव पडले. वऱ्हाड, नागपूर, वर्धा या भागांत गारपगारी नावाचे लोक होते. गावावर येणारी गारपीट परतवून लावणे हे त्यांचे काम आणि त्याबद्दल शेतकरी त्यांना धान्य देत. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात त्यांची नोंद केली आहे आणि त्यांचे नाते नाथपंथी जोग्यांशी जोडले आहे. रात्री आभाळ धूर आणि जाळ मिसळल्यासारखे काळे-तांबडे दिसले की गारपगारी तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राहायचा. आधी विनवणी, मग धमकी: ढग हटव, नाहीतर इथेच जीव देतो! पूर्वी तो अंगावर वार करून घेई असे सांगत. ग्रंथ लिहिला गेला तोवर बोटातून थोडे रक्त काढण्यावर भागत होते. देवाला असा दम भरण्याची रीत गावाने मोबदला देऊन जपली, यावरूनच गारेची धास्ती किती होती ते कळते. ती आजही ओसरलेली नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात कित्येक दिवस गारा पडत राहिल्या, तेव्हा 'गारपीटग्रस्त' हा शब्द रोजच्या बातम्यांत आला. मदतीसाठी पिकाचे किमान ५० टक्के नुकसान व्हावे लागे. केंद्राने ती अट २०१५ मध्ये ३३ टक्क्यांवर आणली.

'बर्फ' मात्र बाहेरचा. शब्द फारसी, आणि मुंबईत पुरवठा अमेरिकेचा. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तिथल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात बांधून १८३३ मध्ये कलकत्त्याला पाठवला. १८३४ मध्ये तो मुंबईत पोहोचला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि नंतर यजमान-पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने दिली. पुढे यंत्राचा बर्फ आला, जहाजांचा धंदा बसला आणि मासळी बाजारात 'लादी' रुजली.

थंडीचा जुना शब्द 'हिंव', संस्कृत 'हिम'मधून आलेला. हिमकालाचा हिंवाळा झाला, मग अनुस्वारही गेला. 'थंडी'ने त्याला बाजूला सारले, तरी वऱ्हाड-खानदेशात जुन्या माणसांच्या तोंडी 'हीव' अजून भेटते. सरकारी दप्तरातही त्याने मुक्काम ठोकला आहे: जिल्हा हिवताप अधिकारी. मलेरियाच्या हुडहुडीने हा शब्द टिकवला, हवेने नव्हे. गोव्यात कोकणी माणूस थंडीला 'शीं' म्हणतो. आपल्याकडे कोकणात 'धुई', म्हणजे धुके, पडली की आंब्याच्या मोहोराची काळजी सुरू होते.

'दहिवर' म्हणजे पहाटे पिकावर साचणारे दाट दव. ते गोठले की वर्तमानपत्रे 'हिमकण' लिहितात आणि फोटो बहुधा महाबळेश्वरच्या वेण्णा लेकचा असतो. तिथे निरभ्र रात्री जमीन झपाट्याने उष्णता सोडते, जड थंड हवा खोलगट जागी साचते आणि गवत, गाड्यांचे टप, बोटींच्या धक्क्यावरच्या फळ्या पांढऱ्या होतात. तापमापक मात्र जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर पेटीत असतो. म्हणून हिमकण पडल्याची बातमी आणि शून्याच्या वरचा अधिकृत आकडा, दोन्ही एकाच दिवशी खरे असू शकतात.

हवामान खात्याची 'थंडीची लाट' आणखी वेगळी. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी हवे. किनाऱ्यावर १५ अंश पुरतात. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला पारा १.७ अंशांवर उतरला होता, मुंबईत सांताक्रूझला २७ जानेवारी १९६२ रोजी ७.४ वर. निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला हे निकष तपासायला सवड नसते. रात्री गारठा वाढला की मणी तडकण्याची भीती, म्हणून तो पहाटेच बागेला पाणी सोडतो आणि ओळींमध्ये शेकोट्या पेटवतो.