नायजर: बाजरीच्या देशातली भूक

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये उपासमार आली की बोट पावसाकडे दाखवलं जातं. ते अर्धंच खरं आहे. देशाचा चार-पंचमांश भाग सहारा वाळवंटाने व्यापलेला. शेती होते ती दक्षिणेत, नायजेरियालगतच्या अरुंद पट्ट्यात, जून ते सप्टेंबरच्या बेभरवशाच्या पावसावर. मुख्य पीक बाजरी. आपल्याकडची बाजरीही हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या याच पट्ट्यातून आलेली. तिथल्या हौसा समाजाच्या घरांत बायका आजही ती उखळात कांडतात, पिठाचे गोळे उकडून दुधात कालवतात. त्याला 'फुरा' म्हणतात.

हे धान्य पिकवणाराच उपाशी का राहतो, हे कळायला फ्रेंच राजवटीपर्यंत मागे जावं लागतं. कर रोख भरायचा, म्हणून दक्षिणेतल्या माराडी-झिंडर भागातल्या शेतकऱ्यांनी भुईमूग लावला. विसाव्याला पडीक सोडायची रानंही हळूहळू त्याखाली गेली. १९३१ मध्ये टोळधाड आणि अवर्षणाने पश्चिम भागात माणसं मेली, गावं उठली, तरी कराचा तगादा सुटला नाही. शेतातल्या झाडावरही मालकी सरकारची होती. मग बुंध्याला फुटलेला धुमारा शेतकरी कशाला जपेल?

१९६० साली देश स्वतंत्र झाला तेव्हा लोकसंख्या सुमारे ३४ लाख होती. आज ती अडीच कोटींच्या वर आहे. पेरणी कुठवर करायची आणि गुरांची राने कुठून सुरू होतात, याची सीमा १९६१ च्या कायद्याने आखली होती. नांगर ती ओलांडून उत्तरेला सरकत गेला. १९६८ ते १९७३ च्या दुष्काळात गुराखी कुटुंबांचे कळपच्या कळप मेले. मदतीच्या धान्यात अफरातफर झाल्याचा संताप उसळला आणि एप्रिल १९७४ मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष हमानी दियोरी यांची सत्ता लष्कराने उलथवली.

माझ्या मते सगळ्यात बोलकं वर्ष २००५. आदल्या हंगामात टोळ आले, पाऊसही लवकर थांबला. पण धान्याचं पीक सरासरीपेक्षा सुमारे ११ टक्केच घटलं होतं. बाजारात पोती होती, घेण्याची ऐपत नव्हती. शेजारच्या नायजेरियात भाव चढे, त्यामुळे व्यापाऱ्यांचं धान्य तिकडे ओढलं गेलं. बाजार बिघडेल म्हणून सरकारने सुरुवातीला फुकट वाटप टाळलं. खेड्यांत बायका 'आंझा' झुडपाची कडू फळं कित्येक दिवस पाणी बदलत भिजवून शिजवत होत्या. उपचार केंद्रांत कुपोषित मुलांना शेंगदाण्याची पोषक पेस्ट दिली जात होती. लोक खातेपिते दिसतात, असं राष्ट्राध्यक्ष तांजा तेव्हा सांगत होते. ते वाचून आजही राग येतो.

या सगळ्याच्या मुळाशी कर्जाचं चक्र आहे. सुगीत देणी फेडायला बाजरी पडेल भावात विकायची आणि पुढच्या पावसाळ्यात तीच चढ्या भावाने विकत घ्यायची.

थोडं सावरलं ते झाडांमुळे. १९८० च्या दशकापासून माराडी-झिंडरच्या शेतकऱ्यांनी धुमारे राखायला सुरुवात केली. विशेषतः 'गाओ'चे. हे झाड नेमकं पावसाळ्यात पानं गाळतं, त्यामुळे पिकावर सावली पडत नाही. सुमारे ५० लाख हेक्टरवर अशी झाडी परत आली आहे.

पण २६ जुलै २०२३ ला पुन्हा सत्तापालट झाला, शेजारी देशांनी सीमा बंद केल्या आणि बेनिनच्या बाजूला धान्याचे ट्रक अडकून पडले. ते दिवस पेरणी उरकलेली आणि कणगी रिकामी असण्याचे होते.