टॅपेट कव्हर पॅकिंग आणि इंजिनाची ऑइल गळती

टॅपेट कव्हर पॅकिंग म्हणजे गाडीच्या इंजिनावर सगळ्यात वर जे झाकण असतं ते आणि त्याखालचं हेड (सिलिंडर वरून झाकणारा भाग) यांच्यामध्ये बसणारी रबराची पट्टी. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये झाकणाला व्हॉल्व कव्हर म्हणतात आणि पट्टीला गॅसकेट, गॅरेजमध्ये मात्र 'टॅपेटचं पॅकिंग' म्हटलं की पुरतं. इंजिनमधून ऑइल गळायला लागलं की पहिला संशय हिच्यावर येतो, बऱ्याचदा तो खराही निघतो, पण बऱ्याचदा म्हणजे नेहमी नाही, आणि 'पॅकिंग बदललं तरी गळतंय' ही जी तक्रार ऐकू येते तिचं मूळ इथेच असतं.

पॅकिंग लागतंच कशाला, तर धातूचे दोन भाग डोळ्यांना कितीही सपाट दिसले तरी त्यांच्यावर बारीक चरे असतात, शिवाय हेड अॅल्युमिनियमचं आणि कव्हर हल्ली प्लास्टिकचं, दोन्ही तापल्यावर वेगवेगळे फुगतात. मधलं रबर दाबलं जातं आणि ती फट भरून काढतं. जुन्या गाड्यांत हे पॅकिंग कॉर्कचं असायचं, आता नायट्राइल रबर किंवा सिलिकॉन रबर असतं. ऑइल चालू गाडीत साधारण १०० अंशांच्या आसपास तापलेलं असतं, त्यात वर्षानुवर्षं शिजून रबर कडक होतं आणि काढताना चकलीसारखं तुटतं. गाडी किती किलोमीटर चालली यापेक्षा रबराचं वय जास्त महत्त्वाचं. रोज लोकलने ऑफिसला जाणाऱ्या आणि फक्त रविवारी गाडी काढणाऱ्या ठाणेकराला हे पटत नाही, 'अरे पण चाळीस हजार पण नाही झाली' असं तो म्हणतो, पण १० वर्षांचं रबर ते १० वर्षांचंच.

हेड गॅसकेट ही वेगळी वस्तू, नाव सारखं वाटतं म्हणून घोळ होतो. ते हेड आणि ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) यांच्या मध्ये असतं, बऱ्याच नव्या इंजिनांत स्टीलच्या पातळ थरांचं, आणि त्याला ऑइल, कूलंट आणि सिलिंडरमधला दाब हे तिन्ही एकदम अडवायचं असतं. ते गेलं तर कूलंट कमी होतं, गाडी तापते, कधी ऑइल दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं. ते काम मोठं, हेड उतरवायचं, वाकलं असेल तर लेथवाल्याकडे फेसिंग करून, म्हणजे मशीनवर सपाट करून आणायचं. कुणी 'गॅसकेट गेलंय' एवढंच सांगितलं तर घाबरण्याआधी कुठलं ते विचारावं, खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गळती शोधणं

खरं काम हेच आहे. ऑइल गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं आणि चालू गाडीतल्या वाऱ्याने मागे उडतं, त्यामुळे खाली जिथे टिपका पडतो तिथे गळती असेलच असं नाही. नियम एकच, सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. वर टॅपेट कव्हरमधून सुटलेलं ऑइल ब्लॉकवरून ओघळत चेंबरपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागापर्यंत येतं आणि मेकॅनिक खालून बघून 'चेंबरचं पॅकिंग गेलंय' म्हणतो, चेंबर उघडतो, लावतो, आठवड्याने परत तेच. याच्या उलटही होतं, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्रँकचं (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील गेलेलं असतं आणि लोक वर टॅपेटकडे बघत बसतात. त्या सीलसाठी बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे सील स्वस्त आणि मजुरी महाग.

म्हणून आधी इंजिन डिग्रीझरने धुऊन पूर्ण कोरडं करायचं, एक-दोन दिवस गाडी चालवायची आणि मग टॉर्च घेऊन बघायचं. संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारली तर ओली रेघ लगेच उठून दिसते. काही गॅरेजवाले ऑइलमध्ये चमकणारा डाय टाकून अल्ट्राव्हायोलेट दिव्याने शोधतात. घरच्या घरी करायचं तर रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवावा, सकाळी टिपका कुठे आणि कुठल्या रंगाचा ते कळतं. तपकिरी किंवा काळं असेल तर इंजिन ऑइल, हिरवं किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. स्वच्छ पाणी असेल तर एसीचं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते इतकं पडतं की मे महिन्यात पार्किंगमध्ये डबकं बघून घाबरलेली बरीच माणसं गॅरेजमध्ये येतात आणि मेकॅनिक हसून परत पाठवतो.

नुसती ओलसर, धूळ चिकटलेली कड म्हणजे सीपेज, इंजिनाला घाम आल्यासारखं. त्यावर लक्ष ठेवलं तरी चालतं. पण टिपका पडत असेल, गाडी सिग्नलला उभी राहिली की जळका वास येत असेल, तर ऑइल गरम एक्झॉस्टवर पडतंय असं समजावं. घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला तासभर अडकल्यावर बोनेटमधून धूर दिसतो तो कधी कधी हाच असतो, आणि हा प्रकार पुढे ढकलायचा नाही कारण आग लागू शकते. दुसरा धोका टायमिंग बेल्टचा, रबरी बेल्टवर ऑइल पडत राहिलं तर तो फुगतो आणि तुटतो. तिसरं म्हणजे पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचतं आणि गाडी झटके खाते, मग कॉइल बदलली जाते, प्लग बदलले जातात, आणि त्या खड्ड्यांभोवतीच्या रबरी रिंगा तशाच राहतात.

एक फसवा प्रकार ऑइल फिल्टरचा. सर्व्हिसिंग झाल्या झाल्या दुसऱ्याच दिवशी धो धो गळायला लागलं तर आधी तिथे बघावं, जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिलेली असते आणि तिच्यावर नवा फिल्टर चढवलेला असतो. ड्रेन बोल्टचा (जुनं ऑइल काढायच्या बोल्टचा) वॉशरही तसाच, तो दर वेळी नवा टाकायची वस्तू, पण चार वेळा उलटा-सुलटा करून वापरतात.

बदलायची पद्धत

इंजिन थंड पाहिजे. वरच्या कॉइल, पाइप, वायरिंग बाजूला करायचं, पाइपांचे फोटो काढून ठेवायचे, मग कव्हरचे बोल्ट (बहुतेक १० नंबरच्या पान्याचे) बाहेरून आत या क्रमाने थोडे थोडे सैल करायचे. कव्हर चिकटलेलं असेल तर रबरी हातोडीने ठोकायचं, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, कारण अॅल्युमिनियमवर पडलेली एक खोल रेघ ही पुढची कायमची गळती. जुनं रबर आणि सिलिकॉन (ट्यूबमधून लावायची पेस्ट) प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, पॉलिश पेपर मारायचा नाही, त्याची पूड आत कॅमवर (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्यावर) आणि बेअरिंगात जाते. मग ब्रेक क्लीनरने पुसून दोन्ही कडा पूर्ण कोरड्या. या सगळ्यात जितका वेळ जातो त्याच्या पावपट वेळात नवं पॅकिंग बसतं, आणि जो मेकॅनिक पुसण्यात वेळ घालवतो तोच चांगला, हे माझं ठाम मत आहे.

नवं पॅकिंग कव्हरच्या खाचेत कोरडंच बसवायचं. सिलिकॉनचा ठिपका फक्त टायमिंग कव्हर जिथे हेडला मिळतं त्या कोपऱ्यांवर आणि कॅमजवळच्या अर्धगोल वळणांवर, तोही मॅन्युअलमध्ये असेल तर. आपल्याकडे मात्र पूर्ण पॅकिंगला ट्यूब पिळून लावायची सवय आहे, गिऱ्हाइकाला पण बाहेर आलेला काळा-राखाडी पट्टा बघून काम पक्कं झाल्यासारखं वाटतं. पण बाहेर जितकं आलं तितकंच आतही आलेलं असतं, ते तुकडे सुटून चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाची जाळी तुंबवतात. काही चेंबरना मुळात पॅकिंगच नसतं, तिथे कंपनीच सिलिकॉन लावते, ती गोष्ट वेगळी. हे सिलिकॉन हवेतली ओल घेऊन घट्ट होतं, पूर्ण पकडायला साधारण २४ तास लागतात, तेव्हा 'तासाभरात गाडी घेऊन जा' यावर विश्वास ठेवू नये.

बोल्ट आवळताना मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर इतकाच जोर लागतो, म्हणजे मनगटाचा, खांद्याचा नाही. गळतंय म्हणून अजून आवळलं की रबर चेंगरतं नाहीतर हेडमधले आटे जातात, आणि मग त्या भोकात हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवत बसा.

ब्रीदर

सगळं नीट करूनही महिन्याभरात परत गळलं तर पीसीव्ही व्हॉल्व (इंजिनातला गॅस बाहेर सोडणारी झडप) आणि ब्रीदर पाइप बघावा. पिस्टनच्या बाजूने निसटलेला गॅस इंजिनात साचतो आणि तो याच वाटेने परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा शिरते तिथे जातो. वाट तुंबली की आत दाब वाढतो आणि सगळ्यात कमजोर जागेतून ऑइल बाहेर ढकललं जातं. ऐरोलीच्या ओळखीतल्या एका गाडीत तीनदा पॅकिंग बदललं गेलं होतं, चौथ्यांदा एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी फक्त व्हॉल्व काढून हलवून बघितला, खुळखुळ आवाजच नाही, म्हणजे तो अडकलेला होता.

पार्किंग आणि काळं ऑइल

ठाणे आणि नवी मुंबईत या गळतीला एक सामाजिक बाजूही आहे. बऱ्याच सोसायट्यांमध्ये आता एकावर एक गाड्या ठेवायचं स्टॅक पार्किंग आहे, वरच्याचं ऑइल खालच्याच्या बोनेटवर पडायला लागलं की प्रकरण थेट सेक्रेटरींकडे जातं. ताज्या डागावर लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवायचा आणि मग कपड्यांच्या पावडरीने घासायचं, पाण्याचा पाइप मारून डाग गटारात ढकलायचा नाही, कारण इथली गटारं आणि नाले शेवटी ठाणे खाडीत जातात. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. वापरलेलं इंजिन ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, म्हणून घरी काम केलं तर ते जुन्याच डब्यात भरून गॅरेजच्या ड्रममध्ये नेऊन ओतायचं, तिथून ते रिसायकलवाल्याकडे जातं.