वाड्यावरचा एकच फोन आणि घरातला सर्व्हर

गेल्या गणेश चवथीला गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरात पंचवीसेक माणसं जमली होती आणि दुसऱ्याच दिवशी पावसात कुठेतरी फांदी पडून इंटरनेटची केबल तुटली. माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांचे), आरतीचे, फुगडीचे फोटो ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये अडकले. दोन माणसं एकाच ओसरीवर बसलेली, मध्ये दोन हात अंतर, पण फोटो काही जाईना, कारण एरवी तो आधी कुठल्यातरी लांबच्या डेटा सेंटरमध्ये जातो आणि तिथून परत आपल्याच वायफायवर उतरतो. मी सगळ्यांना म्हटलं मोबाईल डेटा बंद करा (नाहीतर फोन "इथे इंटरनेट नाही" म्हणून स्वतःच वायफाय सोडतो), ब्राऊजरमध्ये आपल्या घरातल्याच सर्व्हरचा, म्हणजे सगळ्यांच्या फाईल्स ठेवणाऱ्या कॉम्प्युटरचा, हा पत्ता टाका आणि त्यात फोटो सोडा. केबल जोडायला दोन दिवस लागले, फोटो त्याआधीच सगळ्यांकडे पोचले होते. काकांनी विचारलं, "अरे, इंटरनेट नाही तर हे चालतं कसं?"

प्रश्न एकदम योग्य आहे, कारण वायफाय आणि इंटरनेट ही एकच गोष्ट असं बहुतेकांना वाटतं. राउटर दोन कामं करतो, एक म्हणजे घरातली यंत्रं एकमेकांना जोडणं आणि दुसरं म्हणजे त्या सगळ्यांना बाहेरच्या जगाशी जोडणं. केबल तुटली की दुसरं काम थांबतं, पहिलं चालूच राहतं. घरातल्या प्रत्येक यंत्राला बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मिळतो. हे पत्ते १९९६ च्या एका इंटरनेट मानकाने खाजगी वापरासाठी राखून ठेवलेत, त्यामुळे तुमच्या आणि माझ्या घरात अगदी तोच पत्ता असला तरी चालतं, उंबऱ्याबाहेर त्याला अर्थच नाही.

माझा सर्व्हर म्हणजे जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स, फोटो-फाईल्ससाठी नेक्स्टक्लाऊड आणि बाबांनी टेपवर भरून ठेवलेली भजनं ऐकायला जेलिफिन. स्क्रीन बंद ठेवली की साधारण १२ वॉट खातो, म्हणजे वर्षभर रात्रंदिवस चालवला तरी १०५ युनिट. सुरुवातीला रास्पबेरी पाय हा छोटासा कॉम्प्युटर वापरला होता, पण त्यातलं मेमरी कार्ड वर्षभरात गेलं. असल्या कार्डात एक ओळ लिहायची झाली तरी आतला मोठा ब्लॉक पुसून पुन्हा लिहावा लागू शकतो, प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसता येते, आणि त्यात मध्येच लाईट गेली की लिहिणं अर्धवट. लॅपटॉपला निदान स्वतःची बॅटरी असते. ती सतत फुल चार्ज ठेवली तर फुगू शकते म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असेल तर जरूर लावा.

आता आपल्याकडची खरी अडचण, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती. जुन्या घरात भिंत हात-दीड हात जाड असते, चिरा सच्छिद्र, पावसाळ्यात तो पाणी पिऊन बसतो आणि पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. त्यात वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ पेक्षा भिंतीत जास्त मरतो, म्हणून मे महिन्यात देवघरापर्यंत येणारं वायफाय जुलैत येत नाही ते काही राउटर बिघडला म्हणून नाही. मी शेवटी माळ्यावरून लॅन केबल टाकली आणि आतल्या खोलीत दुसरा वायफाय पॉईंट बसवला. साध्या गिगाबिट केबलवरून सेकंदाला ११० मेगाबाईटच्या आसपास डेटा जातो, सगळ्या चवथीचे फोटो दोन-चार मिनिटांत.

घरात सगळं छान चाललं, मग पुण्याच्या आतेबहिणीचा फोन आला, तिला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणाली मलापण बघायचेत फोटो. इथे गाडी अडते.

पूर्वी वाड्यावर, म्हणजे गावातल्या एका वस्तीत, एकाच घरात फोन असायचा, आठवतंय ना? तिथून कुणीही बाहेर फोन लावू शकायचं, पण बाहेरून फोन आला तर तो कुणासाठी हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही. इंटरनेटचं आज तेच झालंय. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते ३२ बिटचे, सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. मग इंटरनेट कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन पत्ता (बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा, तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही वाड्यावरचा फोन वापरताय, कारण हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. आयपीव्ही६ मध्ये पत्ते हवे तेवढे आहेत, पण मग समोरच्याकडेही ते लागतं आणि आपल्या राउटरचं फायरवॉलही (बाहेरून येणारं अडवणारं दार) उघडावं लागतं.

यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो. फोनवाल्या घरात एक वही आहे असं धरा, कुणी बाहेर फोन लावला की त्यात नोंद होते, "या नंबरवरून उत्तर आलं तर ते अमक्याला द्या." राउटर अगदी हेच करतो, याला नॅट म्हणतात. मग माझा सर्व्हर आणि आतेबहिणीचा मोबाईल दोघंही आधी बाहेरच्या एका तिसऱ्या सर्व्हरला हाक मारतात, तो दोघांना एकमेकांचा बाहेरून दिसणारा पत्ता सांगतो, आणि मग दोघंही एकाच सुमारास एकमेकांकडे पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) सोडतात. पहिलं पॅकेट कदाचित दारातच टाकून दिलं जातं, पण ते बाहेर जाताना वहीत नोंद झालेली असते, त्यामुळे समोरून येणारं पुढचं पॅकेट राउटरला उत्तरच वाटतं आणि तो ते आत सोडतो. ही नोंद अर्ध्या मिनिटातसुद्धा पुसली जाऊ शकते म्हणून वायरगार्डमध्ये (दोन यंत्रांना कुलूपबंद जोडणारा प्रोग्राम) दर २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट पाठवायची सोय ठेवलीय. मी टेलस्केल वापरतो, ते वायरगार्डवरच चालतं, आणि एखादा नॅट अगदीच हट्टी निघाला तर मधल्या सर्व्हरमार्फत डेटा फिरवतं, तोही कुलूपबंद, मधल्याला वाचता येत नाही. सर्व्हर उघडा इंटरनेटवर ठेवण्यापेक्षा हे शंभरपट बरं, कारण उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्राम चोवीस तास चालू असतात.

विजांचं मात्र गंभीरपणे घ्या. फायबरची काच वीज वाहत नाही हे खरं, पण घरापर्यंत येणाऱ्या केबलमध्ये ताणासाठी बऱ्याचदा स्टीलची तार असते आणि ती वाहते, म्हणून ती तार घरातल्या फायबरच्या बॉक्सपर्यंत न आणता त्याआधीच कापायला सांगा. गडगडायला लागलं की मी प्लग काढतो, लॅपटॉप बॅटरीवर राहतो. दमटपणाची भीती त्यामानाने कमी, चालू यंत्र आसपासच्या हवेपेक्षा गरम असतं त्यामुळे त्यावर दव धरत नाही, उलट कपाटात बंद ठेवलेल्यालाच बुरशी येते.

आणि एकाच डिस्कवर विसंबू नका. भजनांची दुसरी प्रत घरातच वेगळ्या डिस्कवर आहे, तिसरी फोंड्याला बहिणीकडे. दर महिन्याला त्या तिसऱ्या प्रतीतली एक टेप उघडून ऐकतो, नुसती फाईल दिसते म्हणून खूश होत नाही. परवा ऐकलेल्या टेपमध्ये मध्येच आजीने कुणालातरी चहा घ्यायला हाक मारलीय.