कॉर्नेलियन चेरी: वाणाचं कलम आणि वाणाची बी

‘एलेगांत्नी’ या कॉर्नेलियन चेरीच्या वाणाच्या फळातली बी पेरली की ‘एलेगांत्नी’च उगवतो, असं पुन्हा पुन्हा लिहिलेलं दिसतं आणि दर वेळी चीड येते. उगवतं ते त्याचं अपत्य. त्या नावावर त्याचा हक्क नाही.

किरकोळ घोळ आधी उरकतो. नावात चेरी असली तरी हिचं चेरीशी नातं नाही. चेरी गुलाबाच्या कुळातली, ही कॉर्नस मास म्हणजे डॉगवुडच्या कुळातली. आतली लांबट बी पाहिली तरी फरक कळतो.

खरी मेख परागीभवनात आहे. थंडी सरता सरता, पानं फुटायच्या आधी झाड पिवळ्या फुलांनी भरतं. पण बहुतेक झाडांना स्वतःच्या परागावर धड फळधारणा होत नाही, जवळच्या दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. फळाचा गर, रंग, आकार, गोडी हे सगळं आईचं. बीतल्या अंकुरात मात्र निम्मा वाटा त्या दुसऱ्या झाडाचा. म्हणून फळ कितीही टपोरं असलं तरी त्याच्या बीचं झाड कसलं फळ देईल, हे सांगता येत नाही. त्यात बी उगवायलाच बहुधा दुसरा वसंत उजाडतो आणि पहिलं फळ दिसेपर्यंत आणखी कित्येक वर्षं जातात. तोवर चुकीचं नाव पाच बागांत पोचलेलं असतं.

कलमात बाप नसतोच. एका मातृवृक्षाची काडी खुंटावर, म्हणजे मुळं पुरवणाऱ्या दुसऱ्या रोपावर, बांधली, की वर वाढतं ते तेच झाड. म्हणूनच वाणाचं मूळ शोधायचं म्हणजे ते पहिलं झाड कुठे निवडलं गेलं हे शोधायचं. ही जात दक्षिण युरोपपासून तुर्कस्तान, कॉकेशसपर्यंत रानात वाढते, पण त्यावरून वाणाचं गाव ठरत नाही. युक्रेनचे नावाजलेले वाण कीव्हच्या ह्रिश्को राष्ट्रीय वनस्पती उद्यानात स्वितलाना क्लिमेंको यांनी अनेक वर्षांच्या निवडीतून आणले. ‘विदुबेत्स्की’ आणि ‘लुक्यानोव्स्की’ या नावांत तर कीव्हचेच भाग आहेत. ‘योलिको’ ऑस्ट्रियातला. लेबलवर नुसतं ‘मूळ: कॉकेशस’ लिहिणाऱ्याने जातीचा पत्ता दिला, वाणाचा नाही.

बियांच्या रोपांना माझा विरोध नाही. खुंटाला, कुंपणाला तीच लावावीत, आणि नवा वाणही त्यांच्यातूनच निघतो. पण विकताना ‘एलेगांत्नीचं बीजरोप’ असं स्पष्ट लिहावं. फळांसाठी मी दोन वेगवेगळ्या वाणांची कलमंच सुचवेन.

जुन्या, नाव लावलेल्या झाडाला बारीक फळं येत असतील, तर वाणाला दोष देण्याआधी बुंध्याशी वाका. कलमाचा सांधा शोधा. सगळ्या फांद्या सांध्याच्या खालून फुटल्या असतील, तर वरची काडी कधीच मेली आहे आणि तुम्ही खाताय ती खुंटाची फळं. अशा झाडाची काडी त्या वाणाच्या नावाने कुणाला देऊ नका.