रानकांदा आणि कांदा: गड्डे सारखे, ऋतुक्रम उलटा

उकरून काढलेला रानकांद्याचा गड्डा रोजच्या कांद्याशेजारी ठेवला, तर दोहोंतला फरक चटकन लक्षात येत नाही. दोन्हींवर सुके पापुद्रे असतात, आत एकावर एक मांसल थर असतात आणि तळाच्या चकतीतून मुळे फुटलेली असतात. पानांच्या बुडाशी अन्न साठवण्याची रीत सारखी असल्यामुळे हे साम्य आले आहे, एरवी त्यांची कुळेही वेगळी आहेत: कांदा अ‍ॅमॅरिलिडेसी कुळातला, तर रानकांदा, म्हणजे ड्रिमिया इंडिका, शतावरीच्या कुळातला.

ओळखीची खरी खूण गड्ड्यात नसून फूल आधी येते की पान, या क्रमात आहे. रानकांदा ऐन उन्हाळ्यात, भोवतालचे गवत करपलेले असताना आणि स्वतःचे एकही पान वर नसताना, जमिनीतून सरळ दांडा काढतो. त्यावर विरळ अंतराने खाली झुकलेली, मळकट पांढरी फुले लागतात आणि त्यांच्या प्रत्येक पाकळीच्या मधोमध गडद रेघ असते. ती खालून वर क्रमाने आणि बहुधा संध्याकाळनंतर उमलतात, त्यामुळे दिवसा पाहणाऱ्याला तो दांडा अगदीच निस्तेज वाटतो. पुढे बोंडांत काळ्या, चपट्या बिया धरतात. पावसाळा लागला की मग लांब, चपटी पाने येतात, पुढच्या फुलोऱ्यापुरते अन्न गड्ड्यात भरतात आणि पावसानंतर वाळून जातात. त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत जमिनीवर झाडाचा मागमूसही राहत नाही.

कांद्याला आधी पात येते, तीही पोकळ, नळीसारखी. दिवस मोठा होऊ लागला आणि ऊब वाढली की गड्डा पोसतो आणि माना पडतात, म्हणजे पात बुडाशी मऊ पडून आडवी होते. फुलोरा एरवी दुसऱ्या हंगामात, थंडी सोसलेल्या गड्ड्यातून निघतो. पहिल्याच हंगामात निघाला तर शेतकरी ‘डेंगळे आले’ म्हणून हळहळतो. डेंगळाही पोकळ असतो आणि त्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोल गेंद येतो, रानकांद्यासारखी विरळ मांडणी नसते.

अडचण येते ती पाने-फुले नसताना केवळ गड्डा हाती लागला तर. कांदा चिरल्यावर त्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे उग्र वास सुटतो, तसा वास रानकांद्याला नसतो; उलट त्याचा रस चिकट असून अंगाला लागल्यास खाज सुटते. मात्र आधीच कांदा हाताळलेल्या हातांनी वास घेऊ नये, कारण तो वास बोटांचाच असू शकतो. ही खबरदारी अनाठायी नाही, कारण रानकांद्यात हृदयावर थेट परिणाम करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये असतात. तो पोटात गेल्यास उलट्या होतात आणि नाडी मंद व अनियमित होऊ शकते. कफावरील औषधांत त्याचा वापर पूर्वापार होत आला असला, तरी औषधी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडेच असल्यामुळे घरी त्याचा प्रयोग मुळीच करू नये.