देवाची जागा वाटायची कशी? साम्राज्यं, युद्धं आणि एक गोठवलेली तारीख

युद्ध दोन्ही बाजूंना महागात पडतं, माणसं मरतात, तिजोरी रिकामी होते, आणि एवढं सगळं होऊन शेवटी टेबलाभोवती बसून तह करावाच लागतो, मग तोच तह आधीच का नाही होत? जेम्स फिअरॉन या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९९५ साली हा प्रश्न नीट मांडला आणि तेव्हापासून युद्धाचा अभ्यास करणारी बहुतेक मंडळी याच प्रश्नाभोवती फिरतायत.

त्याने तीन शक्यता तपासल्या. एक म्हणजे समोरच्याची खरी ताकद आणि खरी जिद्द कुणालाच माहीत नसते आणि दोघंही आपली वाढवून सांगतात. दुसरी, आज दिलेला शब्द उद्या ताकद वाढल्यावर समोरचा पाळेल याची काहीच गॅरंटी नसते, त्यामुळे उद्या दबून जगण्यापेक्षा आजच लढलेलं बरं असं वाटायला लागतं. तिसरी म्हणजे ज्याच्यावरून भांडण आहे ती गोष्टच अशी असते की तिचे तुकडे होत नाहीत. या तिसऱ्या कारणावर फिअरॉनचा स्वतःचा फारसा भर नव्हता, कारण त्याच्या मते जवळजवळ कशाचीही वाटणी करता येते, एकाने वस्तू घ्यायची आणि दुसऱ्याला भरपाई द्यायची, किंवा मग आळीपाळीने वापरायची.

मला स्वतःला हे तिसरं कारणच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. धर्म युद्धात शिरतो तो बहुतेक वेळा इथूनच. ज्या जागेवर माझा देव आहे ती अर्धी तू घे आणि अर्धी मला दे असं म्हणता येत नाही, आणि भरपाई म्हणून पैसे देऊ केले तर तो उलट अपमान ठरतो. साम्राज्यं येतात ती दुसऱ्या कारणातून. साम्राज्य असतं तोवर वर बसलेला कुणीतरी, भले जुलमी का असेना, शेजाऱ्याशेजाऱ्यांना एकमेकांवर तुटून पडू देत नाही. ते कोसळलं की सगळे एका रात्रीत एकमेकांकडे संशयाने बघायला लागतात आणि प्रत्येकाने स्वतःच्या सेफ्टीसाठी उचललेलं पाऊल दुसऱ्याला हल्ल्याची तयारी वाटतं. आज ज्याला आपण आंतरराष्ट्रीय व्यवस्था म्हणतो ती बरीचशी या दोन अडचणींवर शोधलेल्या जुन्या तोडग्यांची बनलेली आहे, आणि ते तोडगे जवळून बघितले तर फार शिकायला मिळतं.

सुरुवात युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धापासून करू. २३ मे १६१८ ला प्रागच्या किल्ल्यात प्रोटेस्टंट सरदारांनी पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे मध्य युरोपातल्या शेकडो संस्थानांच्या मोटेच्या, हाब्सबुर्ग घराण्यातल्या सम्राटाच्या दोन कॅथलिक अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या सेक्रेटरीला खिडकीतून खाली फेकून दिलं. तिघंही वाचले, पण त्यातून पेटलेल्या युद्धात साधारण ४५ ते ८० लाख माणसं गेली असा अंदाज आहे, त्यातली बहुतेक लढाईत नाही तर उपासमारीने आणि रोगराईने. एकट्या माग्डेबुर्ग शहरात मे १६३१ मध्ये सुमारे २०,००० लोक मारले गेले. आणि हे निव्वळ धर्मयुद्ध होतं असंही नाही. फ्रान्सचा सगळा कारभार तेव्हा रिशल्यू हा कॅथलिक चर्चचा कार्डिनल बघत होता, त्याने १६३१ पासून प्रोटेस्टंट स्वीडनला पैसा पुरवला आणि १६३५ मध्ये फ्रान्स उघडपणे कॅथलिक हाब्सबुर्ग घराण्याविरुद्ध उतरला, कारण त्याला शेजारी एवढं मोठं साम्राज्य नको होतं.

हे युद्ध २४ ऑक्टोबर १६४८ च्या वेस्टफेलियाच्या तहाने संपलं. बोलणी वर्षानुवर्षं चालली आणि तीही दोन वेगवेगळ्या गावांत, म्युन्स्टरमध्ये कॅथलिक सत्ता आणि ओस्नाब्रुकला स्वीडन व प्रोटेस्टंट संस्थानं, मध्ये साधारण ५० किलोमीटर अंतर. पोपचा प्रतिनिधी फाबियो किजी मध्यस्थ म्हणून हजर होता पण प्रोटेस्टंटांशी बोलायलाच तयार नव्हता. पाठ्यपुस्तकात सांगतात की या तहाने सार्वभौम राष्ट्रांची कल्पना जन्माला घातली. आता बरेच इतिहासकार हे मान्य करत नाहीत आणि मलाही त्यांचं पटतं, कारण तहाची कलमं वाचली तर त्यात थोर तत्त्वं फार थोडी आणि चर्च कुणाचं, मठ कुणाचा, शेतीचं उत्पन्न कुणाचं असल्या गोष्टीच जास्त. खरी कमाल त्यातच आहे.

त्यातलं सगळ्यात हुशार कलम एका तारखेचं होतं, १ जानेवारी १६२४. त्या दिवशी जे चर्च ज्याच्या ताब्यात होतं ते त्याचंच राहील, जिथे ज्या पंथाची उपासना चालू होती ती चालूच राहील, बस. कोण खरा ख्रिश्चन आणि कुणाचा देव खरा हा प्रश्न सोडवायचाच नाही, फक्त त्या दिवशी काय होतं एवढं तपासायचं. अर्थात तारखेवरूनही घासाघीस झालीच, प्रोटेस्टंटांना युद्ध सुरू होण्याआधीचं १६१८ हवं होतं आणि कॅथलिकांना आपली सरशी झाल्यानंतरचं साल. पण बघा ना, सालावरून घासाघीस करता येते, सत्यावरून नाही येत. जे तुकडे करण्यासारखं नव्हतं ते असं मोजण्यासारखं झालं.

याचा एक परिणाम नंतर स्पष्ट दिसला. आधीच्या १५५५ च्या ऑग्सबुर्ग तहात राजाचा जो पंथ तोच प्रजेचा असा नियम होता, त्यामुळे राजाने पंथ बदलला की सगळ्या मुलुखाचं भवितव्य टांगणीला लागायचं. १६४८ नंतर तसं राहिलं नाही. सॅक्सनी या जर्मन संस्थानाच्या ऑगस्टसने १६९७ मध्ये पोलंडचं सिंहासन मिळावं म्हणून कॅथलिक पंथ घेतला आणि त्याची प्रजा मात्र निवांतपणे लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंटच राहिली.

ओस्नाब्रुकचं प्रकरण तर आणखी भारी आहे. तिथलं बिशपपद, म्हणजे धर्मगुरूची गादी आणि मुलुखाचा कारभार दोन्ही, दोन्ही पंथांना हवं होतं आणि गादीचे दोन तुकडे होत नव्हते. मग ठरलं की एकदा कॅथलिक बिशप आणि त्याच्यानंतर प्रोटेस्टंट, असं आळीपाळीने. प्रोटेस्टंट पाळीचा माणूस ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्ग घराण्यातून यायचा, आणि हे घराणं पुढे ब्रिटनच्या गादीवर बसल्यामुळे १७६४ मध्ये राजा तिसऱ्या जॉर्जचा मुलगा फ्रेडरिक जेमतेम सहा महिन्यांचा असताना इथला बिशप म्हणून निवडला गेला! धर्माच्या दृष्टीने याला काय अर्थ आहे हा प्रश्न रास्त आहे, पण ही व्यवस्था १९ व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे दीडशे वर्षं टिकली आणि त्या गादीसाठी दोन पंथांमध्ये पुन्हा युद्ध झालं नाही. पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत सुद्धा असाच नियम केला, धर्माचा विषय निघाला की बहुमताने निर्णय घ्यायचा नाही, दोन्ही बाजूंनी वेगवेगळं बसायचं आणि मग आपसात तडजोड करायची, म्हणजे संख्येच्या जोरावर कुणी कुणाला चिरडू शकणार नाही. पोप दहावा इनोसंट याने या तहाचा कडक शब्दांत निषेध केला, पण असा निषेध होणार हे गृहीत धरून तो चालणार नाही असं तहातच आधी लिहून ठेवलं होतं. कॅथलिक राजांनीही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, सगळेच थकले होते.

ही व्यवस्था सगळ्यांना न्याय देणारी होती असं मात्र समजू नका. हाब्सबुर्गांच्या स्वतःच्या मुलुखातल्या बहुतेक प्रोटेस्टंटांना हे संरक्षण मिळालंच नाही. १७३१ मध्ये साल्झबुर्गच्या आर्चबिशपने, जो तिथला राज्यकर्ताही होता, सुमारे २०,००० प्रोटेस्टंटांना हाकलून दिलं, तहाप्रमाणे निघून जायला तीन वर्षांची मुदत द्यायची होती, त्याने शेतमजुरांना तर काही दिवसच दिले आणि तेही ऐन थंडीच्या तोंडावर. तरीही शंभर वर्षांपूर्वी ज्या घटनेवरून फौजा निघाल्या असत्या तिच्यावर आता तक्रारअर्ज गेले, कलमांवर वाद झाले, आणि प्रशियाच्या राजाने त्या लोकांना आपल्याकडे बोलावून घेतलं. सिस्टीम काम करते म्हणजे अन्याय थांबतोच असं नाही, तो युद्धापर्यंत जात नाही इतकंच, आणि ज्यांचं घर गेलं त्यांच्यासाठी हे फारच थोडं आहे हेही तितकंच खरं.

तारीख गोठवायची ही युक्ती ऑटोमन साम्राज्यातही दिसते. जेरुसलेममध्ये येशूची कबर जिथे मानतात त्या चर्चवर सहा ख्रिश्चन पंथांचा हक्क आहे. कुठली पायरी कुणी झाडायची, कुठला दिवा कुणी लावायचा हे ठरलेलं आहे, आणि मुख्य दरवाजाची किल्ली शतकानुशतकं मुस्लिम घराण्यांकडे आहे. दारावरच्या खिडकीखाली एक लाकडी शिडी आहे, ती १८ व्या शतकातल्या चित्रांतही दिसते, आणि ती कायमची हलवायची तर सगळ्यांची संमती लागेल म्हणून ती अजून तिथेच आहे. सुलतानाने १८५२ च्या फर्मानात 'आहे तसंच राहील' हे पुन्हा पक्कं केलं. पण याच जागांवरच्या हक्कावरून फ्रान्सचा तिसरा नेपोलियन कॅथलिकांचा वाली म्हणून आणि रशियाचा झार पहिला निकोलस ऑर्थोडॉक्सांचा, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिश्चन पंथाचा वाली म्हणून भिडले, आणि १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धाची एक ठिणगी इथूनच पडली. गावातल्या पुजाऱ्यांचं भांडण मिटवता येतं, पण दूरच्या साम्राज्यांनी त्यात आपला शिरकाव करून घेतला की ते हाताबाहेर जातं. १८७८ च्या बर्लिन तहाने शेवटी या 'आहे तसं'ला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली.

मग साम्राज्यच कोसळलं. पहिल्या महायुद्धात आणि त्याच्या आसपास रशियन, जर्मन, ऑस्ट्रो-हंगेरियन आणि ऑटोमन अशी चार साम्राज्यं गेली, आणि आता कुणावर कुणी विश्वास ठेवायचा हा प्रश्न लाखो लोकांच्या अंगावर आला. जानेवारी १९२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात जो करार झाला तो वाचून आजही अंगावर काटा येतो. यात जागा वाटल्या नाहीत, माणसं वाटली. साधारण १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसकडे, त्यातले बरेच आधीच जीव घेऊन पळालेले, आणि साडेतीन ते चार लाख मुस्लिम तुर्कस्तानकडे, आणि निकष एकच, धर्म. अनातोलियातले, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागातले, जे ऑर्थोडॉक्स घरात तुर्की बोलायचे त्यांना ग्रीसमध्ये पाठवलं, क्रीटमधल्या ग्रीक बोलणाऱ्या मुस्लिमांना तुर्कस्तानात, जिथली भाषा त्यांना येत नव्हती. दोन्ही देशांत पुन्हा युद्ध झालं नाही म्हणून बरेच मुत्सद्दी याला यशस्वी तोडगा म्हणत राहिले. मला ते मान्य नाही, ओस्नाब्रुकवाल्यांनी माणसांना हात न लावता वाटणीचा मार्ग शोधला होता आणि इथे तो शोधायचा प्रयत्नसुद्धा झाला नाही.

आफ्रिकेची कथा वेगळी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तिथल्या सीमा युरोपियन साम्राज्यांनी आखलेल्या, एकाच समाजाचे दोन-तीन देशांत तुकडे झालेले. तरीही जुलै १९६४ मध्ये कैरोला आफ्रिकी एकता संघटनेने ठराव केला की स्वातंत्र्याच्या वेळी ज्या सीमा मिळाल्या त्याच मान्य करायच्या. पुन्हा तीच युक्ती, एक तारीख गोठवा आणि न्यायाचा प्रश्न बाजूला ठेवा. सोमालिया आणि मोरोक्कोने विरोध केला होता, आणि पुढे १९७७ मध्ये सोमालियाने ओगादेन या सोमाली वस्तीच्या प्रदेशासाठी इथिओपियावर हल्ला केला, पण जिंकूनही सीमा बदलायला कुणी मान्यता देणार नाही हे उरलेल्यांना कळून होतं. किंमतही मोजावी लागली, देशांमधली युद्धं कमी आणि देशांच्या आतली यादवी मात्र भयंकर, १९९३ मध्ये इरिट्रिया आणि २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळे झाले ते प्रचंड रक्तपातानंतरच.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत केनियाचे राजदूत मार्टिन किमानी यांनी हाच अनुभव सांगितला, की साम्राज्यांनी दिलेल्या सीमा आम्हीही निवडल्या नव्हत्या पण त्या उकरत बसलो असतो तर अजून लढतच असतो. तीन दिवसांनी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. १९९४ च्या बुडापेस्ट करारात युक्रेनने अण्वस्त्रं सोडली होती आणि रशियाने त्याच्या सीमा मानायचा शब्द दिला होता, फिअरॉनचं दुसरं कारण, म्हणजे दिलेल्या शब्दाची गॅरंटी नसणं, याहून स्पष्ट कुठे दिसणार. आणि धर्म इथेही आहेच, जानेवारी २०१९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कने, म्हणजे ऑर्थोडॉक्सांमधल्या सगळ्यात मानाच्या धर्मगुरूने, युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चला स्वतंत्र मान्यता दिली, मॉस्कोच्या चर्चने त्याआधीच त्याच्याशी संबंध तोडले होते, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनने रशियन चर्चशी जोडलेल्या संस्थांवर बंदीचा कायदा केला. उद्या तिथे कधी तह झालाच तर फौजा कुठल्या रेषेवर थांबणार यासोबत कुठलं चर्च कुणाच्या ताब्यात राहणार आणि त्यासाठी कुठली तारीख धरायची, यावरही कुणाला तरी बसून घासाघीस करावी लागणार आहे.